तक्त्यातला तो ‘एक’

प्रश्न :
आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या आरोग्य विभागात आहे. जन माहिती अधिकारी म्हणूनही सही माझीच असते. आमच्याकडे एका सामाजिक कार्यकर्त्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज आलाय. त्यांना गेल्या तीन वर्षांतल्या गर्भपातांची संख्या हवी आहे, तीही महिन्यावार, प्रभागवार, केंद्रवार आणि वयोगटानुसार. अठरा वर्षांखालच्या मुलींची वेगळी. जोडीला एचआयव्हीबाधितांची प्रभागवार संख्या, आणि शेवटी ‘मूळ नोंदवही पाहण्यासाठी वेळ मिळावा’. त्यांचं म्हणणं असं की अल्पवयीन मुलींची प्रकरणं इथे दाबली जातात.

साहेब म्हणाले, ‘आठ एक जे लावा आणि फाइल बंद करा.’ मी मात्र रात्री बसून तक्ता करून पाहिला. एका गावठाणाच्या ओळीत, पंधरा वर्षांखालच्या रकान्यात, एका महिन्यापुढे १ आलाय. त्या महिन्यात शाळेत न गेलेली मुलगी कोण, हे तिथे दहा घरांना तरी माहीत असेल. अर्जदार मला खोटारडेही वाटत नाहीत. आकडे दिले तर त्या मुलीचं काय? नाही दिले तर आम्ही लपवतो हे आम्हीच सिद्ध केल्यासारखं होईल. काय करू?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर :
आधी एक सांगून ठेवतो. तुमचं पत्र छापताना त्यातल्या दोन गोष्टी मी बदलल्या आहेत. कोणत्या, ते सांगणार नाही. ठाणे जिल्ह्यात महापालिका सहा. त्यातल्या आरोग्य विभागात माहिती अधिकाऱ्याची सही करणाऱ्या बायका किती, त्यांतल्या नवी मुंबईत राहणाऱ्या किती, आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत असा अर्ज कोणाकडे आला? तुमच्या साहेबांना नाव शोधायला पाच मिनिटं लागली नसती, आणि पत्रात नाव तर तुम्ही लिहिलंच नव्हतं. तुमच्या तक्त्यातल्या त्या मुलीची गत तीच आहे, म्हणून इथून सुरुवात केली.

आता सरळ उत्तर. आकडे द्या. अर्जदारांनी मागितलेल्या साच्यात मात्र देऊ नका. नोंदवही दाखवू नका. आणि साहेबांचं ‘आठ एक जे’ साफ चुकीचं नाही, फक्त ते चुकीच्या ओळीवर लावलं जातंय.

कलम ८(१)(ञ), ज्याला सगळी ऑफिसं आठ एक जे म्हणतात, ते वैयक्तिक माहितीबद्दल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ४४(३) लागू झालं आणि हे कलम अगदी आखूड होऊन बसलं. आधी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खाजगीपणावर नाहक आक्रमण होतं का, व्यापक जनहित आहे का, अशी तपासणी होती. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, हे शेपूट होतं. ते सगळं गेलं. उरलं एवढंच : वैयक्तिक माहिती देण्याचं बंधन नाही. तेव्हापासून बऱ्याच साहेबांना हे कलम म्हणजे सर्व रोगांवरची गोळी वाटू लागलंय. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे. जनहित जास्त असेल तर माहिती देता येते, असं ते सांगतं. आणि मुळात, अख्ख्या महापालिका हद्दीत वर्षभरात अठराखालच्या किती मुलींचे गर्भपात झाले, ही कोणाची वैयक्तिक माहिती आहे? कोणाचीच नाही. तिथे हे कलम पोचतच नाही. ते पोचतं तुमच्या त्या ‘१’पाशी.

मग कुठला आकडा सोडायचा आणि कुठला धरून ठेवायचा? अशा वेळी मी एक गोष्ट पाहतो. आकडा बाहेर आला की बोट कोणाकडे वळणार? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ते १८, ते एकाच रुग्णालयातले, ते एकाच दिवसातले, हा सगळा तपशील लोकांसमोर यायलाच हवा होता. तो आला, म्हणून राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे बोट महापालिकेकडे होतं, रुग्णालयाकडे होतं. खाटा किती, डॉक्टर किती, अतिदक्षता विभागाची काय अवस्था, हे प्रश्न त्या आकड्यातून निघाले. ‘रुग्णांची गोपनीयता’ म्हणून तो आकडा कोणी दाबला असता तर ती शुद्ध लबाडी ठरली असती. रुग्णालयाचं नाव हे रुग्णाचं नाव नव्हे.

तुमच्या गावठाणातला ‘१’ छापला तर बोट महापालिकेकडे वळेल का? पहिल्या दिवशी कदाचित. दुसऱ्या दिवसापासून ते एका घराकडे वळेल, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहील. आरोग्य केंद्राचं नाव, वय, महिना, गाव : तपशील तोच, नीट जपून दिला तर लोक व्यवस्थेला जाब विचारतात, बेफिकिरीने दिला तर पोरीला. तुमच्या साहेबांनी हा फरक न करता सगळंच बंद करायचं ठरवलंय, आणि अर्जदारांनी हा फरक न करता सगळंच मागितलंय.

जरा कडू बोलतो. आपल्याकडे गोपनीयतेचा गजर होतो तो बहुतेकदा एकूण संख्या विचारली की. नावं मात्र खुशाल गळत असतात. २०२०च्या उन्हाळ्यात घरी विलगीकरणात असलेल्यांच्या नाव-पत्त्यासकट याद्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरताना तुम्हीही पाहिल्या असतील. वॉचमनकडे प्रिंट, लिफ्टमध्ये कुजबुज, हातावर शिक्का. आणि त्याच उन्हाळ्यात, १६ जून २०२० रोजी, राज्याने आधी मोजायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत चढवले. म्हणजे कोण आजारी आहे हे शेजाऱ्याला त्याच दिवशी कळत होतं, आणि किती मेले हे राज्याला कित्येक आठवड्यांनी. अगदी उलटं व्हायला हवं होतं. अर्जदारांना तुमच्या विभागाचा संशय येतो तो आभाळातून पडलेला नाही.

याचं नीट केलेलं उदाहरणही आपल्याच देशात आहे, आणि ते पन्नास वर्षांहून जुनं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९. माणूस गेला की डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देतात, ते नोंदीत जातं, त्याचं वर्गीकरण होतं, देशभराच्या बेरजा छापल्या जातात. पण त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार मृत्यूच्या नोंदीचा जो उतारा बाहेर दिला जातो त्यात कारण दाखवायचं नाही. कोणी विष घेतलं, कोणाला एड्स होता, कोणाचं यकृत दारूने गेलं, हे विभाग कार्यालयाच्या खिडकीवरून कोणालाही दाखला काढून कळत नाही. सरकार बारीक गोळा करतं आणि ढोबळ छापतं. बारीक गोळा करणं इथे मुद्दाम म्हणतोय, कारण काही अधिकारी ‘ओळख उघड होईल’ म्हणून नोंदच अर्धवट ठेवतात. तो त्याहून मोठा गुन्हा.

आता नोंदवहीचं. यात तुम्हाला घुटमळायची गरज नाही. गर्भपाताची दाखल-नोंदवही ही २००३च्या एमटीपी (म्हणजे गर्भपात कायद्याच्या) विनियमांनुसार रुग्णालय प्रमुखाच्या ताब्यात राहते आणि कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कोणालाही तपासायला खुली नसते. बाईचं नाव फक्त त्या एकाच वहीत. केसपेपर, ओटी रजिस्टर, फॉलोअप कार्ड, कशावरही नाव न लिहिता नुसता अनुक्रमांक आणि वर्ष टाकायचं, हा नियम आहे. (तो पाळला जातो का, हे तुम्ही एकदा स्वतः ओटीत जाऊन पाहा. कित्येक ठिकाणी ओटी रजिस्टरवर पूर्ण नाव, वय आणि आडनावाखाली लाल रेघ दिसेल.) २०२१च्या दुरुस्तीने कायद्यातच कलम ५अ आलं : जिचा गर्भपात झाला तिचं नाव किंवा इतर तपशील डॉक्टरने अधिकार नसलेल्याला सांगितले तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

पण उत्तर लिहिताना ‘एमटीपी कायद्यानुसार गोपनीय’ एवढंच लिहून थांबू नका. माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ इतर कायद्यांवर वरचढ आहे, आणि तुमचे अर्जदार मुरलेले असतील तर पहिल्या अपिलात तेच काढतील. नोंदवहीच्या मुद्द्यावर आधार कलम ८(१)(ञ) चाच घ्या, कारण ती निखळ वैयक्तिक माहिती आहे. एमटीपीचं कलम ५अ आणि विनियम जोडीला ठेवा. साहेबांचं आठ एक जे इथे वापरायचं. तेही खूश.

‘नावाचा रकाना झाकून झेरॉक्स देऊ’ अशी मधली वाट कोणीतरी सुचवेल. ऐकू नका. १९९७ मध्ये अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद नावं काढलेल्या सरकारी डेटातून शोधून दाखवली. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड, एवढ्यावर. बाकीचं मतदारयादीतून जुळलं. आपल्या गावठाणात मतदारयादीही लागत नाही, नळावरची चर्चा पुरते.

तक्त्याकडे येऊ. अर्जदारांच्या साच्यात तो किती मोठा होतो ते एकदा मोजा. समजा हद्दीत आठ विभाग आहेत, नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आहेत तसे. बारा महिने. वयोगट पाच. गर्भपाताची मान्यता असलेली केंद्रं समजा वीस. आठ गुणिले बारा गुणिले पाच गुणिले वीस, म्हणजे एका वर्षाचे ९,६०० खाने. आणि अर्जदारांनी तर विभागही नाही, प्रभाग मागितलाय, म्हणजे याच्या कित्येक पट. वर्षात गर्भपात दोन-तीन हजार झाले असं धरलं तरी बहुतेक खाने रिकामे, आणि जे भरतील त्यात एक, दोन, एक. असा तक्ता हा तक्ता राहतच नाही, तो माणसांच्या यादीचा कागद होतो. गंमत म्हणजे त्यातून अर्जदारांनाही काही कळणार नाही. ९,६०० खान्यांतल्या एक-दोनांवरून वाढ झाली की घट, हे देवालाही सांगता यायचं नाही.

म्हणून एकमेकांत गुंफलेले हे चार तपशील सुटे करा. एक तक्ता वर्ष आणि वयोगटाचा, अख्ख्या हद्दीचा. त्यात अठराखालच्या वेगळ्या. दुसरा वर्ष आणि विभागाचा, सगळ्या वयांचा मिळून. तिसरा सरकारी आणि खाजगी केंद्रांचा. वय आणि विभाग एका कागदावर एकत्र येऊ द्यायचे नाहीत. महिने हवेतच असतील तर अख्ख्या हद्दीचे द्या, वय न लावता. यातलं बरंचसं तुमच्याकडे बेरजेच्या रूपात आहेच, कारण प्रत्येक मान्यताप्राप्त केंद्राकडून दरमहा नमुना २ मधलं विवरण येतं आणि त्यात नावं नसतात. तेवढं उत्तर नोंदवहीला हातही न लावता तयार होतं. वयाचे आकडे त्यात नसतील तर केंद्रांकडून नुसत्या बेरजा मागवा.

तरीही काही खाने लहान निघतील. किती खाली झाकायचं, याचा आकडा माहिती अधिकार कायद्यात नाही आणि एमटीपी कायद्यातही नाही, तो तुम्हाला ठरवावा लागेल. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेचा डेटा वापरणाऱ्यांना एक ते दहा ही संख्या छापायला मनाई असते. तुम्हीही दहा घ्या. एक ते दहा असेल तिथे ‘१० किंवा कमी’ लिहा, शून्य असेल तिथे शून्य लिहा. पण आता सगळे जिथे फसतात ते सांगतो. समजा आठ विभागांची बेरीज ३१४ छापली, सात विभाग उघडे ठेवले, एक झाकला. सातांची बेरीज ३१३. झालं, झाकलेला तुम्ही स्वतःच उघडा केला. एक खाना झाकला की दुसराही एक झाकावा लागतो, सर्वांत लहानांपैकी, म्हणजे वजाबाकी अडते. नाहीतर दोन शेजारचे विभाग एकत्र करून छापा. मला ते जास्त आवडतं, कारण त्यात खरी संख्या दिसते आणि झाकलेल्या खान्यांनी भरलेला कागद पाहून अर्जदाराचा संशय आणखी वाढत नाही.

वजाबाकी फक्त एका कागदातली नसते. आज या अर्जदारांना ‘अठराखालच्या’ दिल्या, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी ‘पंधराखालच्या’ मागितल्या, तिसऱ्याने नगरसेवकाच्या लेटरहेडवर ‘सोळा-सतरा’. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली की खेळ संपला. तसंच दरमहा ‘एप्रिलपासून आजपर्यंत’ असा चढता आकडा छापला की दोन महिन्यांतला फरक काढणं शाळकरी पोरालाही जमतं. म्हणून वयोगटांच्या सीमा एकदाच ठरवायच्या आणि कोणीही मागितलं तरी त्याच ठेवायच्या.

अल्पवयीन मुलींच्या बाबतीत तर आणखी एक दरवाजा उघडा असतो, आणि तो तुमच्या हातात नाही. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार अशा प्रकरणाची सूचना पोलिसांना द्यावीच लागते. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला की दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चार ओळी येतात. नाव नसतं, पण पोलीस ठाणं असतं, वय असतं, आरोपी शेजारी की नातेवाईक हे असतं. तुमच्या तक्त्यातला महिना आणि विभाग त्या चार ओळींना जोडला की त्या बातमीतल्या मुलीचा गर्भपात झाला हेही जगजाहीर. तुमचा कागद एकटा निरुपद्रवी असेल, त्या कात्रणाशेजारी तो तसा राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात याच दुखण्यावर हात ठेवला. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर पॉक्सोच्या सूचनेत डॉक्टरने तिची ओळख सांगायची गरज नाही, असं म्हटलं. कारण उघड होतं : नाव पोलिसांत जाणार या भीतीने या मुली सरकारी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, भोंदूकडे जातात. डॉक्टरला पोलिसांपासून जे राखून ठेवता येतं ते तुम्ही चौकातल्या फलकावर लावणार का, हा प्रश्न साहेबांना नाही, अर्जदारांना विचारा.

हो, अर्जदारांना. त्यांना बोलवा, चहा पाजा. कायदा अर्जदाराला कारण विचारायला मनाई करतो, तेव्हा ‘कशाला हवंय’ हे विचारू नका. ‘मी असं देऊ शकते, याने तुमचं काम होईल का’ हे विचारा. त्यांचा आरोप आहे की प्रकरणं दाबली जातात. तो आरोप खरा की खोटा हे गावठाणाच्या ‘१’वरून ठरणार नाही. ते ठरेल दुसऱ्याच दोन आकड्यांवरून : वर्षभरात अठराखालच्या किती मुलींचे गर्भपात नोंदले गेले, आणि त्यांपैकी किती बाबतींत पोलिसांना सूचना गेली. दोन्ही अख्ख्या हद्दीचे. दोन्ही सारखे असतील तर तुमच्या विभागावरचा डाग पुसला गेला. फरक असेल तर उत्तर महापालिकेने द्यायचं आहे, कुठल्याही मुलीने नाही. मागितलं नसलं तरी हे दोन आकडे द्या, असं माझं मत आहे. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडतील तेव्हा त्या नीट पाहून घ्या. आठ्या ‘मुलीचं काय होईल’ म्हणून आहेत की ‘आपलं काय होईल’ म्हणून, हे तुमच्या लगेच लक्षात येईल.

माझा कल झाकण्याकडे आहे असं वाटायला लागलं असेल, तर एक ब्रिटनची गोष्ट. तिथल्या आरोग्य खात्याने गर्भातल्या व्यंगामुळे उशिरा केलेल्या गर्भपातांचे कारणवार आकडे दहाच्या आत असले की छापणं २००३ पासून बंद केलं. २००५ मध्ये गर्भपातविरोधी संघटनेने माहिती मागितली. खातं म्हणालं, रुग्णांची ओळख उघड होईल. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि एप्रिल २०११ मध्ये खातं हरलं. पाच कोटींहून जास्त लोकांच्या प्रदेशात वर्षभरात अमुक कारणाने दोन, यातून ती दोन कोण हे सामान्य माणसाला शोधता येत नाही, तेव्हा ही वैयक्तिक माहितीच नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. मला त्या संघटनेचं राजकारण पटत नाही. निकाल मात्र पटतो. लहान आकडा म्हणजे आपोआप धोका नव्हे. पाच कोटींतला ‘दोन’ बेवारस असतो, आठशे घरांतल्या ‘एक’ला घर नंबर असतो. त्यामुळे तुम्ही अख्ख्या हद्दीच्या तक्त्यातही दहाखालचं सगळं झाकून टाकलंत तर अर्जदार माहिती आयोगात जिंकतील, आणि बरोबर जिंकतील. तिथे हद्दीची लोकसंख्या लाखांत आहे, महिना नाही, विभाग नाही. तिथे ‘सात’ असेल तर सात लिहा.

एचआयव्हीचं थोडक्यात. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. त्याच्या कलम ८ मध्ये संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायला मनाई आहे, आणि त्याच कलमात सूटही आहे : ज्यातून व्यक्ती ओळखू येण्याची वाजवी शक्यता नाही अशा सांख्यिकी माहितीला संमती लागत नाही. म्हणजे तुमचा सगळा युक्तिवाद कायद्याने आधीच लिहून ठेवलाय. हद्दीची वार्षिक संख्या द्या. प्रभागवार देऊ नका, आणि इथे ओळखीखेरीज दुसरंही कारण आहे. तुमच्याकडची नोंद तपासणी केंद्राची असते, राहत्या पत्त्याची नव्हे. ऐरोलीचा माणूस ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ठाण्याला जातो, ठाण्याचा थेट जेजेला. केंद्राचा आकडा प्रभागाच्या नावावर छापला तर तो खोटाच असतो. पण खोटा असूनही चिकटतो. एखाद्या ट्रक टर्मिनलशेजारच्या वस्तीवर तो शिक्का बसला की तिथल्या निरोगी पोरींचीही लग्नं अडतात.

आता ऑफिसातलं. साहेब तोंडी सांगतात, सही तुमची. उशीर झाला किंवा विनाकारण नाकारलं तर दंड रोज २५० रुपये, २५,००० पर्यंत, आणि तो तुमच्या पगारातून. साहेबांच्या नव्हे. तेव्हा टिपणी लिहा. कुठले तक्ते देणार, काय झाकणार, कुठल्या नियमाने, आणि का. तो नियम तक्ता पाहण्याआधी लिहिला असेल तर उत्तम, कारण आकडे पाहून मग नियम ठरवला की तो सोयीचा होतो. तुमचा तक्ता पाहून झालाच आहे, हरकत नाही, पण एचआयव्हीचे आकडे मागवण्याआधी तरी टिपणी फिरवा. साहेबांना ‘संपूर्ण नाकारा’ असंच हवं असेल तर त्यांनी तसं टिपणीवर लिहावं. बहुतेक वेळा पेन हातात आलं की मत मवाळ होतं. एमटीपीचं काम पाहणाऱ्या डॉक्टरांकडे कलम ५(४) खाली लेखी मदत मागा. मग त्यांनी वेळेत माहिती दिली नाही तर कायद्याच्या दृष्टीने त्या कामापुरते तेही माहिती अधिकारी ठरतात.

माहिती ई-मेलने मागितली असेल तर एक्सेलची मूळ फाइल कधीही पाठवू नका. लपवलेले रकाने दोन क्लिकमध्ये उघडतात, आणि पिव्हट टेबलच्या पोटात तर मूळ डेटा जसाच्या तसा बसलेला असतो. नवी कोरी फाइल उघडायची, त्यात फक्त आकडे चिकटवायचे. कागदावर काळ्या मार्करने खोडलं असेल तर त्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्यायची. मूळ कागद उजेडात धरला की अक्षरं वाचता येतात.

आणि हे तीन तक्ते पुढच्या एप्रिलपासून दरवर्षी संकेतस्थळावर टाकायची टिपणी आताच सुरू करा. कलम ४ तेच सांगतं, आणि पुढच्या अर्जदाराला तुम्ही नुसती लिंक देऊन मोकळ्या.

उत्तराचा मसुदा देतो, तुमच्या भाषेत बदलून घ्या : ‘मुद्दा क्र. १ : मागणी केलेल्या कालावधीतील गर्भपातांची संख्या वर्ष व वयोगटनिहाय तक्ता अ मध्ये, वर्ष व विभागनिहाय तक्ता ब मध्ये, केंद्रप्रकारनिहाय तक्ता क मध्ये सोबत जोडली आहे. महिना, प्रभाग, केंद्र व वयोगट यांची एकत्रित विगतवारी, तसेच तक्ता ब व क मधील १ ते १० दरम्यानची संख्या आणि ती वजाबाकीने काढता येईल अशी संख्या, संबंधित व्यक्तीची ओळख उघड होण्याची शक्यता असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) व कलम १० अन्वये वगळली आहे. १८ वर्षांखालील प्रकरणांत पोलिसांना दिलेल्या सूचनांची वार्षिक संख्या तक्ता ड मध्ये आहे. मुद्दा क्र. २ : एचआयव्हीबाधितांची हद्दीतील वार्षिक संख्या तक्ता इ मध्ये आहे. प्रभागनिहाय नोंद ठेवली जात नाही. मुद्दा क्र. ३ : दाखल-नोंदवही वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये, तसेच गर्भपात कायद्याचे कलम ५अ विचारात घेऊन, निरीक्षणास उपलब्ध करता येत नाही.’ यातलं ‘नोंद ठेवली जात नाही’ हे वाक्य ठेवण्याआधी ते खरं आहे ना, हे खात्री करून घ्या. रकाना कुठेतरी निघाला तर तेवढ्यावरून सगळं उत्तर खोटं ठरतं.

खाली प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं नाव, पदनाम, पत्ता आणि तीस दिवसांची मुदत टाकायला विसरू नका. बहुधा ते तुमचे साहेबच असतील. तसं असेल तर टिपणीवर त्यांची सही आधीच घेतलेली बरी.